पहिल्या आठवड्यात पिल्लाचं जग एका खोलीएवढंच असू द्या

प्रश्न : आमच्याकडे पहिल्यांदाच कुत्र्याचं पिल्लू येतंय. ओळखीच्यांच्या कुत्रीला चार पिल्लं झालीत, त्यातलं एक आम्हाला मिळणार आहे. येत्या शनिवारी ते सहा आठवड्यांचं होईल, त्याच दिवशी घेऊन जा म्हणतात. घरात मी, माझे पती, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई काठी घेऊन चालतात. पिल्लू पायात आलं तर पडेन, अशी त्यांना धास्ती आहे. मी मऊ गादी, दोन गळपट्टे आणि दहा-बारा खेळणी आणून ठेवलीत. मुलगा शनिवारी संध्याकाळी सगळ्या मित्रांना बोलावणार म्हणतोय. पती म्हणतात, रात्री स्वयंपाकघरात ठेवू, रडलं तरी लक्ष द्यायचं नाही, दोन दिवसांत सवय होते. आम्ही दोघंही नोकरी करतो, शनिवार-रविवार घरी असू. अजून काय तयारी राहिली आहे?

(पत्राच्या खाली मुलाने पेन्सिलीने लिहिलंय : ‘ते माझ्याजवळ येऊन झोपेल का?’)

उत्तर : आधी तारखेचं बोलते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. जमत असेल तर हा शनिवार सोडा आणि अजून दोन आठवडे थांबा. सहा आठवड्यांचं पिल्लू खायला लागलेलं असतं, धावतं, भुंकतं, त्यामुळे ते आईपासून वेगळं करायला तयार झालंय असं वाटतं. पण सहा ते आठ आठवड्यांच्या त्या काळात ते भावंडांशी मस्ती करता करता एक मोठी गोष्ट शिकत असतं : किती जोरात चावलं की समोरचा किंचाळतो आणि खेळ थांबतो. आई गुरगुरून त्याला मर्यादा दाखवते. हा धडा आपण माणसं देऊ शकतो, पण आईइतका चांगला नाही. तुमच्या घरात सात वर्षांचं मूल आहे, म्हणून तर मी याचा जास्तच आग्रह धरेन. ओळखीचेच लोक आहेत, समजावून सांगितलंत तर ऐकतील. दोन आठवड्यांत एकदोनदा मुलाला घेऊन पिल्लाला भेटून या. आणि एक जुना टॉवेल त्यांच्याकडे देऊन ठेवा, पिल्लं झोपतात तिथे तो पसरायला सांगा. न धुता तसाच परत आणायचा. त्याचा उपयोग पुढे सांगते.

आता तयारी. तुम्ही आणलेलं सामान वाईट नाही, पण पहिल्या दिवसांत त्यातलं फार थोडं लागेल. मला तुमच्याकडून उलटंच हवंय : पिल्लासाठी घरात वस्तू वाढवण्याऐवजी त्याच्यासाठी घर लहान करा. जन्मल्यापासून त्याने एक कोपरा, एक आई आणि तीन भावंडं एवढंच पाहिलंय. शनिवारी ते गाडीत बसेल, उतरेल तेव्हा ओळखीचा एकही वास नसेल. अशा जिवासमोर तीन-चार खोल्या, बारा खेळणी आणि पंधरा मुलं एकदम आली तर ते बावरेल, पलंगाखाली जाऊन बसेल, नाहीतर हाताला येईल ते चावत सुटेल. एक खोली निवडा. घरातल्यांचा वावर असलेली, पण फार वर्दळ नसलेली. दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं बुटकं फाटक लावता आलं तर उत्तम. नाहीतर घट्ट बसणारी फळी चालेल.

मग एक काम करा, सगळ्यांनी मिळून. त्या खोलीत जमिनीवर पालथे पडा. खरंच पडा, हनुवटी फरशीला टेकेल इतके खाली या, आणि टॉर्च घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात बघा. उभ्याने जी खोली स्वच्छ, मोकळी दिसते, ती तिथून अगदी वेगळी दिसते. टेबलामागे लोंबणारी चार्जरची वायर, एक्स्टेंशन बोर्ड, सोफ्याखाली घरंगळलेली पेनाची टोपणं, केसांची पिन, रिमोटमधून निसटलेला गोल चपटा सेल, पडद्याची दोरी. हे सगळं पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर आहे. त्याला हात नाहीत, म्हणून जगातली प्रत्येक वस्तू ते तोंडाने तपासतं. वायरी भिंतीला वर बांधा किंवा कपाटामागे घ्या. तो चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत काही तासांत भाजल्यासारखी जखम करतो, तो शोधून काढल्याशिवाय उठू नका. हे काम मुलाला द्या. तुम्हाला दिसणार नाही ते त्याला दिसेल.

फरशी गुळगुळीत असेल तर चटया अंथरा, कारण पाय सतत घसरले की वाढत्या सांध्यांवर ताण येतो आणि पिल्लू चालायलाही घाबरतं. गॅलरी असेल तर गजांमधलं अंतर बघा. डोकं जाईल त्या फटीतून पिल्लू जातं. तिथे जाळी लावा, आणि जाळी लागेपर्यंत ते दार बंद.

खाण्यातल्या विषारी गोष्टींची यादी घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी, कारण ‘एवढंसं दिलं तर काय होतंय’ हे वाक्य प्रेमातूनच येतं. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा, लसूण, आणि साखर नसलेल्या च्युइंगगममध्ये असतं ते झायलिटॉल. यातल्या झायलिटॉलने रक्तातली साखर झपाट्याने खाली येते, द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. आपल्या अंगदुखीच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन काय किंवा पॅरासिटामॉल काय, सासूबाईंच्या उशाशी किंवा तुमच्या पर्समध्ये असतील तर त्यांची जागा आजच बदला. उंदीर मारायचं औषध घरात कुठे टाकलेलं असेल तर तेही काढा. कुंडीत कण्हेर किंवा सायकस असेल तर ती कुंडी पिल्लू पोचणार नाही अशा ठिकाणी जायला हवी. आणि चुकून काही खाल्लंच तर घरच्या घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका. डॉक्टरांना फोन करा, जे खाल्लं त्याचं वेष्टन हातात ठेवा. काय, किती आणि किती वाजता, हे तीन प्रश्न ते विचारतीलच.

म्हणूनच प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर पिल्लू यायच्या आधी तुमच्याकडे हवा, शिवाय रात्री-अपरात्री उघडा असणारा दवाखाना कोणता हेही विचारून ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा दाखवून आणा. पिल्लू देणाऱ्यांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : काय खातं आणि किती वेळा, जंताचं औषध कोणत्या तारखेला दिलं, आणि लस दिली असेल तर कोणती, कधी. गोल जंत पिल्लांमध्ये आईच्या पोटातूनच आणि दुधातून येतात, त्यामुळे पिल्लू कितीही गुटगुटीत दिसलं तरी ते औषध चुकवायचं नाही. हे जंत माणसांनाही, विशेषतः मुलांना त्रास देऊ शकतात. पिल्लाला हात लावला की जेवणाआधी हात धुवायचे, हा नियम मुलाला पहिल्या दिवसापासून लावा.

लसींचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे खूप जण फसतात. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होतं आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतं. एकच लस पुन्हा पुन्हा का, तर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीलाही निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून शेवटच्या डोसापर्यंत जावंच लागतं. तोपर्यंत रस्त्यावर, बागेत, इतर कुत्र्यांच्या वावराच्या जागी त्याला खाली सोडायचं नाही. पार्व्हो नावाचा आजार पिल्लांचा जीव घेतो आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. दवाखान्यातही मांडीवरच बसवा, जमिनीवर नको. पण म्हणून चार महिने घरात कोंडूनही ठेवू नका. तीन आठवड्यांपासून साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंतच्या काळात जे पाहिलं-ऐकलं, त्याची भीती पुढे कमी वाटते. चार-पाच दिवसांत ते जरा रुळलं की कडेवर घेऊन रोज थोडं बाहेर न्या. गाड्यांचे आवाज, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, रडणारं बाळ, सगळं कडेवरून बघू द्या.

आणायला शक्यतो सकाळी जा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला नवी जागा हुंगायला पूर्ण दिवस मिळेल. निघायच्या अगदी आधी खायला देऊ नका, नाहीतर गाडीत उलटी होऊ शकते. एकाने मागच्या सीटवर मांडीवर टॉवेल घेऊन बसायचं. घरी पोचलात की आधी घरात नेऊ नका. शी-शूसाठी जी जागा ठरवली आहे, तिथे न्या, खाली ठेवा आणि गप्प उभे राहा. पाच मिनिटं लागोत, पंधरा लागोत. झालं की हळू आवाजात कौतुक करा आणि मग आत. ही जागा इतर कुत्री येत नाहीत अशी हवी. अंगण नसेल तर गॅलरीचा कोपरा किंवा न्हाणीघराशेजारी अंथरलेला कागद चालेल. फक्त एकदा ठरली की रोज बदलायची नाही.

पुढचा हिशेब साधा आहे. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच त्या जागी. एरवी जागं असेल तेव्हा दर तासाला. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ थांबवत नाही, तेही झोपेत. नाक जमिनीला लावून गोल गोल फिरायला लागलं की तुमच्याकडे पाच-सहा सेकंद आहेत, उचला. घरात झालंच, आणि होणारच, तर ओरडायचं नाही, नाक तर मुळीच घासायचं नाही. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर करायचं नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. पुसताना अमोनियाचा क्लीनर वापरू नका, त्याचा वास त्याला शूसारखाच लागतो आणि ते पुन्हा तिथेच येतं. एन्झाइमवालं मिळतं, ते आणा.

खाणं पहिले काही दिवस तिथे मिळत होतं तेच ठेवा. जागा बदलली, माणसं बदलली, निदान ताटलीत तरी ओळखीचं काही असू द्या. बदलायचंच असेल तर आठवड्याभरात थोडं थोडं मिसळत बदला. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. गाईचं दूध नको, बऱ्याच पिल्लांना त्याने जुलाब होतात. छोट्या जातीचं पिल्लू असेल तर फार वेळ उपाशी राहिल्यावर साखर उतरून ते लटपटतं, मलूल पडतं. तसं दिसलं तर हिरड्यांना मध चोळा आणि दवाखाना गाठा. उलट्या-जुलाब, त्यातून रक्त, किंवा पूर्ण दिवस खाण्याकडे न बघणं, यातलं काहीही झालं तर उद्यापर्यंत वाट बघायची नाही. एवढ्याशा अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

आता रात्र. तुमच्या पतींचं म्हणणं मी समजू शकते, कारण माझ्या पहिल्या पिल्लाच्या वेळी मलाही हेच सांगितलं गेलं होतं. मी ऐकलं. त्याला स्वयंपाकघरात ठेवून दार लावलं. ते आधी कुईकुई करत होतं, मग किंचाळायला लागलं, दारावर नखं ओढत राहिलं. मी पलंगावर डोळे उघडे ठेवून पडले होते. पहाटे तीनच्या सुमारास आवाज बसला, घोगरा झाला आणि मग थांबला. मला वाटलं, सवय झाली. सकाळी दार उघडलं तर ते आपल्याच शूमध्ये बसलेलं, आणि तोंड माझ्या जुन्या चपलेत खुपसलेलं. रात्रभर त्याला माझा सापडलेला एवढाच वास. त्यानंतर कित्येक महिने मी नुसतं दार लोटलं तरी ते उठून उभं राहायचं. ते रडून थकलं होतं, आणि त्यालाच मी सवय समजून बसले.

म्हणून पहिले काही दिवस त्याला तुमच्या पलंगाशेजारी झोपवा. पलंगावर नव्हे, शेजारी. उंच काठाचं पुठ्ठ्याचं खोकं किंवा क्रेट घ्या आणि आईकडून आणलेला तो टॉवेल त्यात घाला. कोमट पाण्याची पिशवी कापडात नीट गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे भावंडांच्या उबेसारखी ऊब मिळेल. गरम झालं तर बाजूला सरकायला जागा मात्र हवी. गळपट्टा काढून ठेवा, कुठे अडकला तर फास बसतो. ते कुणकुणलं की हात खाली सोडा, बोटं हुंगून ते बरेचदा परत झोपतं. जोरात, अस्वस्थपणे ओरडायला लागलं तर शू आली आहे असं धरून चाला. मोठा दिवा न लावता, न बोलता उचला, ठरलेल्या जागी न्या, झालं की परत खोक्यात. रात्री दोन वाजता खेळ नाही, पापे नाहीत. अशा रात्रीत एकदोन खेपा होतील, तुम्ही आणि तुमचे पती पाळी लावून घ्या. आठवड्याभराने ते शांत झोपायला लागलं की खोकं रोज हातभर लांब सरकवत पुढे जिथे झोपवायचं असेल तिथवर न्या. तुमच्या पतींना हवी आहे ती सवय यानेही लागते, फक्त भीतीशिवाय लागते.

सुट्टीचं स्पष्टच सांगते : दोन दिवस पुरणार नाहीत. आठ आठवड्यांचं पिल्लू सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटं राहू शकत नाही, आणि सासूबाईंवर हा भार टाकणं त्यांच्यावर अन्याय होईल. दोघांनी आलटून पालटून निदान आठवडाभर तरी सुट्टी काढा. त्यानंतर दुपारी येऊन बघेल अशा माणसाची सोय आत्ताच लावा. यातलं काहीच जमत नसेल तर जमेल तोपर्यंत पिल्लू आणणं पुढे ढकला. सुट्टीतही दिवसभर त्याला चिकटून बसू नका. मिनिटभर दुसऱ्या खोलीत जा, परत या. मग पाच मिनिटं. माणूस जातं आणि परत येतं, एवढं त्याला कळू द्या.

सासूबाईंची धास्ती अगदी रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. पिल्लं चालत्या पायांच्या मागे धावतात आणि काठी तर त्यांना खेळणंच वाटते. त्या उठायच्या आधी पिल्लू फाटकापलीकडे गेलेलं असलं पाहिजे, हा घराचा नियम करा. गळपट्ट्याला एक छोटी घंटी बांधा, म्हणजे ते कुठे आहे हे त्यांना न बघता कळेल. संध्याकाळी बहुतेक पिल्लांच्या अंगात वारं शिरतं, ती खोलीभर सुसाट पळतात, तेवढा वेळ त्यांनी खुर्चीतच बसलेलं बरं. बसल्या जागेवरून खाऊचा एकेक दाणा देण्याचं काम मात्र त्यांच्याकडे द्या. पिल्लू खुर्चीपाशी शांत बसायला शिकेल, आणि त्यांची भीतीही जरा निवेल.

मुलाच्या मित्रांना पहिला आठवडा नकार. पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपतं, आणि झोप मोडली की चिडचिड्या बाळासारखं वागतं, चावतं. नंतर दोन-दोन मित्र बोलवा, सगळ्यांनी खाली बसायचं. मुलाला उचलायची रीत शिकवा : एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि स्वतः जमिनीवर बसूनच. उभ्याने नाही, कारण पिल्लू वळवळून उडी मारतं आणि एवढ्याशा उंचीवरूनही पाय मोडतो. झोपलेल्या आणि खाणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही. दात लागले तर हात झटकायचा नाही, किंचाळत पळायचं नाही. हात सैल सोडायचा, उठून फाटकापलीकडे जायचं, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. हे त्याला एकट्याने जमणार नाही, पहिले दिवस एक मोठं माणूस सोबत हवंच. खेळण्यांतली दोन-तीनच बाहेर ठेवा, बाकीची कपाटात. चार दिवसांनी बदललीत की नवी वाटतील. प्लास्टिकचे डोळे, बटणं शिवलेली असतील ती आधीच उसवून टाका.

आंघोळ पहिल्या आठवड्यात नको. नाव ठेवायची घाई नको, पण ठेवलंत की सगळ्यांनी एकच हाक मारा, आणि रागावताना ते नाव घेऊ नका.

आता पेन्सिलीने लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर. त्याला सांगा, पिल्लाला बोलवायचं नाही, पकडायचं नाही, त्याच्या मागे जायचं नाही. दुपारी, घर शांत असताना, त्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसायचं आणि एखादं पुस्तक हळू आवाजात वाचायचं. पहिल्या दिवशी पिल्लू लांबूनच बघेल. मग येऊन पायाचा अंगठा हुंगेल आणि पळून जाईल. तेव्हाही वाचतच राहायचं. एक दिवस ते मांडीवर चढून गोल फिरेल आणि धपकन बसेल. पुस्तक जरा जाडच घे म्हणावं, कारण मग बराच वेळ उठता येणार नाही.